सीताफळाची जात निवडताना

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



मला भाषण करण्याची सवय नाही. माझी शाळा सातवीला सुटली. पुढची इयत्ता दोन कोसांवरच्या गावी होती आणि घरात मी थोरली. तेव्हा बोलण्यात काही चुकले तर सांभाळून घ्या. महिन्यापूर्वी चिटणीसबाई घरी आल्या आणि म्हणाल्या, "दरवर्षी आपण बाहेरून पाहुण्या बोलावतो. यंदा आपल्यातल्याच एकीने बोलावे असे ठरले आहे. तुम्ही सीताफळावर बोला." मी म्हटले, "अहो, सीताफळावर मी काय सांगणार? आपल्या पुरंदर तालुक्यात ते शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे." तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "तुमच्या रानात चार जाती आहेत, आणि तुम्ही फळे तोलून, बिया मोजून वहीत लिहून ठेवता हे साऱ्या आळीला माहीत आहे. ती वही घेऊन या." तर ही ती वही. मुलाच्या जुन्या गणिताच्या वहीची मागची पाने आहेत, म्हणून मध्येच कुठे अपूर्णांक दिसले तर ते माझे नव्हेत.

वही का धरली ते आधी सांगते. बागेत जात कोणती लावायची हे आपल्याकडे ओट्यावर ठरते. पुरुष माणसे चहा पितात, कोणी एक जण कुठे तरी बाग पाहून आलेला असतो, आणि ठरते. मग त्या जातीची तोडणी आपण करावयाची, निवड आपण करावयाची, क्रेट भरावयाचे ते आपण, आणि उरले-सुरले मऊ फळ घेऊन गर काढीत रात्री अकरापर्यंत बसावयाचे तेही आपणच. त्या जातीत काय गुण आणि काय खोड हे आपल्या हातांना जितके कळते तितके ओट्यावर कळत नाही. पण आपल्याला विचारले तर आपण सांगणार काय? "ते बरे आहे, हे बरे नाही," एवढेच. तेवढ्याने कोणी ऐकत नाही. आकडा सांगितला की ऐकतात, हा माझा अनुभव आहे.

आपला मुलूख सगळ्याजणी जाणता. दिवे घाट चढून वर आले की पाऊस तुटतो. कऱ्हेच्या दोन्ही अंगांना मुरमाड माळ, खाली खडक. अशा जमिनीत सीताफळ येते, कारण त्याला थोडक्यात भागवता येते. उन्हाळ्यात पाने टाकून ते स्वस्थ बसते. शिवाय त्याचा पाला शेळी खात नाही. ही गोष्ट लहान वाटते, पण ज्या माळावर शेळ्यांनी बाभळीसुद्धा ओरबाडल्या तेथे सीताफळ टिकले ते ह्यामुळेच. नाव सीतामाईचे असले तरी झाड मूळचे आपले नव्हे बरे का. ते अमेरिकेच्या उष्ण भागातले, आणि पोर्तुगीज लोकांबरोबर इकडे आले असे मानतात. माहेर कुठलेही असो, सासरी नांदले हे खरे.

मी लग्न होऊन आले तेव्हा बांधावर मामंजींनी लावलेली साठ गावरान झाडे होती. सगळी बियांपासून झालेली. बियांचे झाड म्हणजे देवाघरचे दान. एकाचे फळ मुठीएवढे आणि साखरेसारखे, शेजारच्याचे मोठे पण पाणचट. आमच्या विहिरीकडच्या कोपऱ्यावर एक झाड आहे, त्याचे फळ पिकले की वास दारापर्यंत येतो. सासूबाई त्याला 'थोरली' म्हणतात. कलम मात्र तसे नसते. ज्या झाडाचा डोळा किंवा काडी घेतली त्याचेच गुण उतरतात, आणि फळही बियांच्या झाडाहून वर्ष-दीड वर्ष आधी लागते.

२००४ साली ह्यांनी एक एकरात बाळानगर लावले. ही जात तेलंगणातल्या महबूबनगर भागातल्या बाळानगर गावाच्या नावाची. पंधरा-सोळा फुटांवर एक अशी १६० झाडे बसली. फळ गावरानापेक्षा मोठे, डोळे ठसठशीत, आणि चवीला उत्तम. वीस वर्षे त्या बाळानगरावर आमचे घर चालले असे म्हणायला हरकत नाही. दोन मुलांच्या फिया त्यातूनच भरल्या.

परंतु बाळानगराची एक खोड आहे आणि ती तुम्हा सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे. फळाचे डोळे उघडले, मधल्या खाचा पिवळट-पांढऱ्या दिसू लागल्या की त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी तोडलेच पाहिजे. झाडावर राहिले तर उकलते, मुंग्या लागतात. तोडले की तिसऱ्या दिवशी मऊ. चौथ्या दिवशी कोणी हात लावीत नाही. म्हणजे हंगामाच्या महिना-दीड महिन्यात घरात काही असो, तोडणी चुकवून चालत नाही. माझ्या धाकट्याला ताप असताना मी त्याला जाऊबाईंच्या मांडीवर देऊन तोडणीला गेलेली आहे. ही गोष्ट कोणत्याही बियाण्याच्या पत्रकात छापलेली नसते.

२०१९ च्या सप्टेंबरात काय झाले ते तुमच्या ध्यानात असेलच. २५ तारखेच्या रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि कऱ्हेला पूर आला. ज्यांची माणसे, घरे, गुरे गेली त्यांच्यापुढे आमचे दुःख काहीच नव्हे. पण त्या दिवशी संध्याकाळी आम्ही तोडलेले सतरा क्रेट ओसरीवर भरून ठेवले होते, पहाटेच्या गाडीने जाण्यासाठी. गाडी आलीच नाही. दुसरा दिवस गेला, तिसरा गेला. चौथ्या दिवशी क्रेट उघडले तेव्हा खालचा थर रस होऊन वाहत होता. झाडावर जी राहिली होती ती सततच्या ओलीने काळी पडली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी एकेक फळ उचलून जे बरे होते त्यातला गर काढायला घेतला. ह्यांनी मात्र त्याच दिवशी सांगितले, "सगळे बाळानगर काढायचे. बांधावरचेही काढायचे. गोल्डन लावायचे."

गोल्डन म्हणजे एन.एम.के.-१. सोलापूर जिल्ह्यात बार्शी तालुक्यात गोरमाळे म्हणून गाव आहे, तेथील शेतकरी नवनाथ मल्हारी कसपटे यांनी आपल्या बागेतून निवडून तयार केलेली ही जात. ती तीन अक्षरे त्यांच्याच नावाची. कृषी विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी जाती काढाव्या हे आपण ऐकतो, पण एका शेतकऱ्याने रानात डोळे उघडे ठेवून जात काढावी आणि तिची केंद्र सरकारकडे रीतसर नोंद व्हावी, ह्याचे मला फार कौतुक वाटते. फळ मोठे, रंग पिवळसर सोनेरी, बिया थोड्या. आणि मुख्य गुण असा की तयार झालेले फळ झाडावर आठ-दहा दिवस थांबते, तोडल्यावरही लवकर ढासळत नाही.

तेव्हा ह्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तरी माझा जीव तुटला. पंधरा वर्षे ज्या झाडांना पाणी घातले ती एका पावसाच्या रागाने तोडायची? आमच्या घरात पंधरा दिवस ह्यावरून बोलाचाली झाली. तेव्हा मी पहिल्यांदा जुन्या पट्ट्या काढून बसले. आडत्याच्या सहा वर्षांच्या पट्ट्या एका दोऱ्यात ओवून खुंटीला होत्या. त्या तारखेप्रमाणे लावल्या. त्यावरून असे दिसले की सहापैकी पाच वर्षे आमचा चांगला पैसा सप्टेंबरच्या पहिल्या तीन आठवड्यांत झाला होता. गोल्डन तर तयार होते उशिरा. बाळानगरास फुलापासून तोडणीपर्यंत चार महिने लागतात. गोल्डनला त्याहून महिनाभर अधिक. म्हणजे सगळे गोल्डन केले की सप्टेंबर रिकामा जाणार, आणि दसऱ्याला हातात दमडी नसणार. पट्ट्या पुढे ठेवल्या तेव्हा हे गप्प बसले. शेवटी निम्मे काढायचे, निम्मे ठेवायचे, आणि बांधाला हात लावायचा नाही असे ठरले. 'थोरली' वाचली.

२०२० च्या पावसाळ्यात गोल्डनची शंभर रोपे आणली. कोठून आणली ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही. तिसऱ्या वर्षी फळ धरले तेव्हा शंभरातली सत्तावीस झाडे गोल्डनची नव्हेत असे दिसून आले. काही तर साधी बियांचीच रोपे होती. रोपवाटिकेत विचारायला गेलो तर ते म्हणाले, बिलावर नाव कुठे आहे? बिलावर नुसते 'सीताफळ रोपे' असे लिहिलेले. तीन वर्षांचे पाणी, खत आणि मेहनत त्या दोन शब्दांत गेली. तेव्हा बायांनो, एवढे ऐका. रोप घेताना बिलावर जातीचे पूर्ण नाव लिहून घ्या. कलमाचा सांधा बोटाने चाचपून पाहा. सांध्याखालून फूट आलेली असेल तर ती खुंटाची, ती कामाची नव्हे. आणि शक्य असेल तर ज्या झाडांवरून काड्या घेतल्या ती मातृवृक्षांची बाग हंगामात जाऊन पाहून या. लग्न जमवताना आपण घर पाहून येतोच की.

आता वहीकडे वळते. परवाच्या हंगामात मी प्रत्येक जातीची पाच-पाच फळे घेतली, सारखी पिकलेली, आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोलली. गावरानाची पाच फळे मिळून ८५० ग्रॅम भरली. त्यांत गर निघाला ३१० ग्रॅम आणि बिया १९०. बाळानगर पाच फळे १ किलो ३०० ग्रॅम, गर साडेपाचशे, बिया २०५. गोल्डन पाच फळे २ किलो २०० ग्रॅम, गर १ किलोला थोडा वर, आणि बिया अवघ्या १२०. शेजारच्या वहिनींनी त्यांच्याकडची फुले पुरंदर दिली होती. ती पाच फळे पावणेदोन किलो, गर सव्वाआठशे, बिया १७५. ही फुले पुरंदर आपल्या घरचीच म्हणायची. महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे अंजीर-सीताफळाचे काम आपल्याच तालुक्यात जाधववाडीला चालते, तिथली ती. आपल्या माळाची आणि आपल्या पाण्याची तिला सवय आहे, आणि बाळानगराच्या चवीला ती सर्वांत जवळची असे माझे मत झाले. हे आकडे माझ्या घरातल्या पाच फळांचे आहेत, हे ध्यानात असू द्या. तुमच्या रानात ते थोडे इकडे-तिकडे होतील.

टिकण्याचे म्हणाल तर फळीवर ठेवून पाहिले. गावरान आणि बाळानगर चौथ्या दिवशी टाकायच्या लायकीचे; फुले पुरंदर एखादा दिवस अधिक; गोल्डन सातव्या दिवशीही कापून पानात वाढता आले.

चवीचा निकाल मात्र मी लावला नाही, सासूबाईंनी लावला. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, त्यामुळे फळ कोणते ते त्यांना दिसत नाही. पक्षपाताला जागा नाही. त्यांना एकेक चमचा गर दिला. गोल्डनला म्हणाल्या, "गोड आहे, पण तोंडात चिकटते, आणि वास कमी." बाळानगरला म्हणाल्या, "हे बरे." आणि गावरानाचा चमचा तोंडात घालताच म्हणाल्या, "ही थोरली. ओळखली." माझेही मत तेच आहे. पण सासूबाईंच्या जिभेवर आडत्या भाव देत नाही, हेही तितकेच खरे. मोठे, न डागाळलेले, रंगाला उजळ अशा फळाला पुण्याच्या बाजारात पहिला भाव, आणि तिथे गोल्डन जिंकते. सुरुवातीला गोल्डनला भाव फारच चांगला होता. मग ज्याने त्याने तेच लावले, आणि आता नोव्हेंबरात सगळ्यांचे एकदम बाजारात उतरते. गेल्या नोव्हेंबरात एका आठवड्यात आमच्या पट्टीवर भाव इतका उतरला की हमाली, तोलाई आणि गाडीभाडे वजा जाता हातात काय राहिले ते सांगायला लाज वाटते. त्याच दिवशी मी बाजारात आडत्याशी भांडले. ते तुम्ही ऐकलेलेच आहे.

पण गोल्डनचा एक उपकार मी विसरणार नाही. फळ झाडावर थांबते, त्यामुळे तोडणी आपल्या सोयीने करता येते. गेल्या वर्षी मुलीच्या बारशाला, म्हणजे माझ्या नातीच्या बारशाला, मी चार दिवस जाऊन राहून आले, आणि रानात काही बिघडले नाही. बाळानगरच्या हंगामात हे मला वीस वर्षांत कधी जमले नव्हते. एवढ्या एका कारणासाठी कोणी बाई गोल्डन लावत असेल तर मी तिला नावे ठेवणार नाही.

चौथी जात आमच्याकडे आहे ती अर्का सहान. माझ्या भावाने बंगळूरहून बारा रोपे आणून दिली. तिथल्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने काढलेला हा संकर. त्याच्या एका अंगाला सीताफळ आणि दुसऱ्या अंगाला हनुमानफळाचे रक्त. गोडीला ह्याच्या तोडीचे मी काही खाल्ले नाही. एका फळावर दोघांनी भागवावे इतके गोड. बिया थोड्या, पिकते सावकाश, फळीवर सहा दिवस राहते. मग सगळ्यांनी हेच का लावू नये? कारण ते आपले आपण फारसे धरत नाही. पहिल्या वर्षी बारा झाडांवर मिळून सात फळे लागली. भावाला फोन केला तर म्हणाला, "अगं ताई, त्याला हाताने पराग लावावा लागतो."

हे कसे ते ऐकण्यासारखे आहे. सीताफळाच्या फुलात नर-मादी दोन्ही असतात, पण त्यांची वेळ जुळत नाही. फूल थोडेसे फाकते तेव्हा आतला मादीचा भाग तयार असतो. पराग सुटतो तो मागाहून, तोपर्यंत मादीची वेळ निघून गेलेली असते. एरवी बारीक किडे एका फुलातून दुसऱ्या फुलात जातात आणि काम होते, पण सगळे होत नाही. म्हणून पहाटे गावरान झाडाची पुरती उमललेली फुले तोडायची, कागदावर झटकून पराग वाटीत घ्यायचा, आणि मुलांच्या चित्रकलेचा बारीक ब्रश त्यात बुडवून सहानच्या अर्धवट फाकलेल्या फुलात अलगद फिरवायचा. नऊच्या आत आटपायचे. दुसऱ्या वर्षी मी आणि जाऊबाईंनी तीन आठवडे हे केले, आणि बारा झाडांवर दोनशे चौदा फळे धरली. बारा झाडांचे हे जमते. एकराचे जमवायचे तर पाच-सहा बायांची पहाट त्यात जाईल. आणि पाहा, हा पराग आला कुठून? बांधावरच्या गावरान झाडांकडून. ती तोडली असती तर?

इथे थोडे विषयांतर करते. माझी भाची अमेरिकेत ओहायो राज्यात राहते. दोन वर्षांपूर्वी ती आली तेव्हा माझी वही पाहून म्हणाली, "मावशी, तिकडे ह्याचे भावंड आहे." त्याला पॉपॉ म्हणतात. इंग्रजीत काही मुलखांत पपईलाही तेच नाव आहे, पण हे वेगळे. सीताफळाच्याच कुळातले, परंतु बर्फ पडणाऱ्या मुलखात वाढणारे. हिवाळ्यात पाने टाकते, ओढ्याकाठच्या जंगलात मोठ्या झाडांच्या सावलीत होते, आणि सप्टेंबरच्या सुमारास पिकते. साल हिरवी, आत पिवळा मऊ गर, आणि सीताफळापेक्षा मोठ्या बिया. चव केळे आणि आंबा एकत्र केल्यासारखी, असे ती म्हणाली. खोडही आपल्यासारखीच! तोडले की दोन-तीन दिवसांत मऊ, जरा दाबले की काळे. म्हणून तिकडच्या मोठ्या दुकानांत ते दिसतच नाही, शेतकरी आठवडेबाजारात नेतात. तिकडे नील पीटरसन नावाच्या माणसाने कित्येक वर्षे घालवून त्याच्या चांगल्या जाती निवडल्या. त्यांना नद्यांची नावे दिली, शेनान्डोआ, सस्क्वेहाना अशी. केंटकी राज्याच्या विद्यापीठातही ह्याच फळावर संशोधन चालते. ते लोकही आपल्यासारखेच पाहतात: गर किती, बिया किती, साल किती टिकते. पण मला सर्वांत पटली ती गोष्ट अशी की एकाच जातीचे कलम लावून भागत नाही. पॉपॉच्या झाडाला बहुधा स्वतःचा पराग चालत नाही. शेजारी दुसऱ्या जातीचे झाड लागतेच. मी ह्यांना ही गोष्ट मुद्दाम दोनदा सांगितली.

आता गराविषयी, कारण ज्यांचे रान नाही अशाही पुष्कळजणी येथे बसल्या आहेत. मऊ पडलेले फळ आडत्याला मातीमोल देण्यापेक्षा गर काढून ठेवावा. गराला गोल्डन सोपे. बिया थोड्या म्हणून एका बैठकीत दुप्पट काम होते. बाळानगराचा गर सुवासिक, पण हात मोडतात. कोणतेही फळ असो, सालीला चमच्याने खरवडू नये. सालीलगतचा भाग वाळूसारखा रवाळ असतो आणि तो गरात गेला की दाताखाली येतो. गर उघडा ठेवला तर काळपट पडतो. काढल्याबरोबर पिशवीत भरून हवा दाबून काढावी आणि बर्फाच्या पेटीत ठेवावा. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे गर विस्तवावर चढवू नये. तापवला की कडवट होतो. मी पहिल्या वर्षी पाच लिटर दुधाच्या बासुंदीत उकळी असतानाच गर घातला आणि पाहुण्यांसमोर फजिती झाली. बासुंदी आटवून पूर्ण गार करावी, मग गर मिसळावा.

कोणी म्हणेल, हे सगळे सांगितलेस, पण लावू काय? मी शास्त्रज्ञ नव्हे. पण माझ्या मुलीने विचारले असते तर मी तिला असे सांगितले असते. विहिरीला किंवा शेततळ्याला उन्हाळ्यात पाणी पुरत असेल, तर बाळानगर नाही तर फुले पुरंदर लावून उन्हाळी बहार धर. जानेवारी-फेब्रुवारीत छाटणी करून पाणी सोडले की जून-जुलैत फळ येते, आणि त्या वेळी बाजारात गर्दी नसते. पाणी नसेल तर पावसावरचा बहार, आणि मग अर्धे लवकर येणारे, अर्धे गोल्डन. म्हणजे सप्टेंबरही आपला आणि नोव्हेंबरही आपला. घरात तोडणीला माणसे कमी असतील तर गोल्डनचा वाटा वाढव. सहान लावायचे तर परसात चार झाडे, खाण्यासाठी आणि पाहुण्यांसाठी. बांधावरचे गावरान कोणी काढायला लागले तर त्याला आधी माझ्याकडे पाठव. आणि कोणतीही जात असो, खाचांत पांढरा पिठ्या ढेकूण बसतो त्याच्यावर नजर हवी; झाडावर मुंग्यांची रांग दिसली की समजावे, वर तो आहे.

मंडळाने गर साठवण्यासाठी एक मोठी शीतपेटी घ्यावी असा विचार माझ्या मनात आहे. सप्टेंबरात एकेकीच्या घरी पाच-दहा किलो मऊ फळ वाया जाते. चाळीसजणींचे एकत्र केले तर ते थोडे नव्हे. त्याचा खर्च, विजेचे बिल, आणि कोणाचा गर किती ह्याची नोंद कोणी ठेवायची, हे पुढच्या सभेत बोलावे अशी अध्यक्षीणबाईंना विनंती आहे. वही ठेवायला मी तयार आहे.

मागच्या टेबलावर पाच ताटल्यांत पाच जातींचा गर ठेवला आहे. नावाच्या चिठ्ठ्या ताटल्यांच्या खाली आहेत. आधी चव घ्या, मत ठरवा, आणि मगच ताटली उचलून पाहा. बिया मात्र शेजारच्या डब्यात टाका, इकडे-तिकडे टाकू नका. काहीजणी उवांसाठी त्या वाटून डोक्याला लावतात. त्याचा कण डोळ्यात गेला तर डोळ्याला इजा होते. आमच्या आळीतल्या एका पोरीला पंधरा दिवस दवाखान्याच्या खेपा घालाव्या लागल्या. मी तो डबा घरी नेणार आहे. त्यातल्या बाळानगरच्या आणि गावरानाच्या बिया जूनमध्ये पिशव्यांत लावीन. खुंट तयार झाले की 'थोरली'ची कलमे बांधायची आहेत. ज्यांना हवी असतील त्यांनी चहाच्या वेळी मला नाव सांगावे.